खुनी आधीच का ओळखता येत नाही?

प्रश्न : रहस्यकथा वाचताना माझा संशय दर वेळी भलत्याच माणसावर जातो. लेखक पुरावे दडवून ठेवतात का?

उत्तर : कसलेला लेखक दडवत नाही. पुरावा तुमच्या नाकासमोर ठेवतो आणि लगेच दुसरीकडे बोट दाखवतो. समजा, प्रेताशेजारी फाटकं पत्र आहे आणि साडेनऊला बंद पडलेलं घड्याळ. तुम्ही पत्रावर झडप घालता. मी घड्याळाकडे बघते. खुनाची वेळ इतकी आयती हातात पडली, की साडेनऊला चार लोकांत मिरवत असलेला माणूस मला आधी खटकतो. कर्जबाजारी पुतण्याला मात्र मी पहिल्याच प्रकरणात सोडून देते. एवढा उघड हेतू असलेला बिचारा बहुधा बळीचा बकराच असतो!

न घडलेलंही टिपा. शेरलॉक होम्सच्या १८९२ सालच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये रात्री कुत्रा भुंकलाच नाही, म्हणजे आलेला माणूस त्याच्या ओळखीचा होता.

इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेला दहा नियम घालून दिले. गुन्हेगार कथेत सुरुवातीलाच दिसला पाहिजे, हा पहिला. पूर्वसूचना न देता जुळा भाऊ आणायचा नाही, हा शेवटचा. तो शेवटच्या पानावर उगवलाच, तर अंदाज चुकल्याचं खापर खुशाल लेखकावर फोडा.