दुपारी पऱ्हाटी (कपाशी) माना टाकते, संध्याकाळी पुन्हा ताठ होते. ओलित (पाणी) द्यायचं का?

दुपारचं पाहून ठरवू नका. पहाटे उजाडताच शेतात जा. झाड ताठ असेल तर मुळांशी ओल आहे. तेव्हाही मलूल असेल तर उशीरच झालाय. या दोन्हींच्या मधली खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: माना टाकायची वेळ रोज अलीकडे सरकतेय का? आधी दोनला, मग बाराला, मग अकराला असं होऊ लागलं की ओलित द्या.

याचं कारण पानात आहे. कपाशीच्या पानाला दोन्ही अंगांनी, पण खालून जास्त, डोळ्यांना न दिसणारी पर्णरंध्रं असतात. प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी. ऊन पडलं की त्यांच्यात पालाश (पोटॅशियम) शिरतं, मागोमाग पाणी येतं, पेशी फुगतात आणि रंध्र उघडतं. पाणी कमी झालं की त्या ढिल्या पडतात, रंध्र मिटतं.

अडचण अशी की हवेतला कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04 टक्के. तो घ्यायला रंध्र उघडावंच लागतं, आणि उघडलं की आतली वाफ बाहेर पडते. कपाशी, तूर, सोयाबीन या पिकांचे कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवताना पाण्याचे काहीशे रेणू जातात. ज्वारी-मक्याची अन्न बनवायची रीत वेगळी, म्हणून त्यांचं बरंच कमी पाण्यात भागतं. धुऱ्यावरचं घायपात तर रंध्रं रात्रीच उघडतं.

जमीन कोरडी पडू लागली की झाडात अब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि पान लोंबायच्या आधीच रंध्रं मिटू लागतात. म्हणजे झाड तहानलेलं दिसण्यापूर्वीच उपाशी राहायला लागलेलं असतं. पात्या (फुलांच्या कळ्या) आणि कोवळी बोंडं गळतात त्यात या उपासमारीचा मोठा वाटा असतो.

हे स्वतः पाहायचं असेल तर एका पानावर सकाळी दहाला पारदर्शक पन्नी बांधा, शेजारच्या झाडावर तशीच दुपारी दोनला. थोड्या वेळाने थेंब मोजा. ओल असलेल्या आणि ओल तुटलेल्या अशा दोन्ही जागी हे केलं तर फरक लगेच कळतो. सोयाबीनमध्ये तर पन्नीचीही गरज नाही: ताण बसला की पानं उलटी होतात आणि फिकट पाठ वर येते, लांबूनच शेत पांढुरकं दिसतं.

आता धोक्याचं. बरेच दिवस ताण बसलेल्या पऱ्हाटीला एकदम भरपूर पाणी सोडू नका. भारी काळ्या जमिनीत तर नकोच. मुळांभोवतीची हवा कोंडते आणि बोंडांनी लदलेली झाडं एक-दोन दिवसांत माना टाकतात. यालाच आकस्मिक मर म्हणतात. पावसाच्या खंडानंतर आलेल्या मोठ्या सरीनेही हेच होतं. तेव्हा पान लोंबलं म्हणून आणखी पाणी देऊ नका, साचलेलं आधी चर काढून बाहेर घाला. ओलित द्यायचंच तर एक सरी आड, हलकं, संध्याकाळी.

ओलिताची सोय नसेल तर डवऱ्याचा (ओळींमधली माती हलवायच्या अवजाराचा) फेर द्या. भेगा बुजतात, जमिनीतून उडणारी ओल बरीच थांबते आणि ती पानांच्या वाट्याला येते. तण काढाच, त्याच्याही पानांना रंध्रं आहेत आणि ते तुमचंच पाणी उडवतं. लिटरमागे 10 ग्रॅम 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट हे विद्राव्य खत) फवारलं तर पालाशाचा आधार मिळतो, पण ते सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर फवारा.