'स्वेच्छेने' या शब्दापाशी थांब

निगडी, पुणे

अनेक आशीर्वाद.

तुझं १९९१ वरचं प्रकरण दोनदा वाचलं. मेहनत दिसते. पण २४ जुलैला औद्योगिक धोरण जाहीर झालं, १८ उद्योग सोडून बाकीच्यांची लायसन्सची सक्ती गेली, एवढं सांगून तू थेट निर्यातीच्या आकड्यांवर गेलास. मध्ये बरंच राहिलं.

त्या धोरणाने मालकांचे हात मोकळे केले, कामगार कायद्याला मात्र धक्का लावला नाही. शंभर किंवा जास्त कामगार असतील तर कपातीला सरकारची परवानगी हवी, ही अट तशीच राहिली. नरसिंह रावांचं सरकार तेव्हा अल्पमतातलं. हा वाद संसदेत कोण काढणार? मग व्हीआरएस, म्हणजे पैसे घेऊन 'स्वेच्छेने' निवृत्ती, आणि ठेकेदारी अशा मागच्या दाराने तोच बदल आला. त्यावर कधी मतदान झालं नाही. राजकारण तिथे आहे, ते लिही.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात पर्सनल खात्यात, म्हणजे कामगारांच्या नोकरीचं बघणाऱ्या खात्यात होतो. व्हीआरएसचे फॉर्म माझ्याच टेबलावर भरले जायचे. टूलरूममधल्या एका फिटरने विचारलं, "साहेब, यातला 'स्वेच्छेने' शब्द खोडून सही केली तर चालेल का?" मी नाही म्हणालो. त्याने सही केली, पेनाला टोपण लावलं आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. वर्षभरात तो मला भोसरीतल्या एका शेडमध्ये भेटला. आमच्याच कंपनीचे जॉब करत होता, ठेकेदाराकडे. पगार निम्मा, पीएफ नाही. मला अजून त्याचा चेहरा आठवतो.

अशांना नवं काम शिकवायला १९९२ मध्ये नॅशनल रिन्यूअल फंड काढला होता. त्यातला बहुतेक पैसा सरकारी कंपन्यांच्या व्हीआरएसवरच गेला. त्याला निदान दोन पानं दे.

मालकही घाबरले होते. १९९३ मध्ये बड्या उद्योगपतींच्या 'बॉम्बे क्लब' या गटाने परदेशी कंपन्यांशी बरोबरीने लढता येईल अशी सोय मागितली. आपल्या आकुर्डीचे राहुल बजाज त्यात पुढे होते. मागणी गैर नव्हती. पण त्यांचं ऐकून घ्यायला दिल्लीत दार होतं. माझ्या फिटरला कुठलं होतं?

नव्या कामगार संहितेत कपातीच्या परवानगीची ती शंभरची मर्यादा ३०० झाली आहे. त्यावर लिहिण्याआधी शनिवारी ये, पाळी सुटायच्या वेळी भोसरीच्या गेटवर उभं राहू. कायम किती, ठेक्यावरचे किती, तू स्वतः विचार. वही आण.

तुझा,
काका