खानापूरचं जंगल आणि हिडकलचं पाणी, दोन्हीकडं चालेल अशी लेन्स कुठली?

तुम्ही विचारलंय की कॅमेरा कॅनॉन १५००डी आहे, सोबत ५५-२५० एमएमची छोटी झूम लेन्स आहे, लाखाच्या आत एक मोठी लेन्स घ्यायची आहे, सुट्टीला खानापूर-जांबोटीकडं आणि थंडीत हिडकल-धुपदाळला जाता, तर ४०० ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, घ्यावी का १५०-६०० झूम. मी बेळगावचाच, याच पट्ट्यात पक्ष्यांच्या मागं फिरत असतो, म्हणून सरळ सांगतो, १५०-६०० घ्या. सिग्माची कंटेम्पररी किंवा टॅमरॉनची जी-टू, दोन्हीतली कुठलीही चालेल, वजन दोन किलोच्या आसपास. सिग्माची स्पोर्ट्स म्हणून मिळते ती घेऊ नका, काच चांगली आहे पण जवळजवळ तीन किलो भरते, आणि चोर्ल्याच्या बाजूला चढउतार करताना दुपारपर्यंत ती हातात राहत नाही, बॅगेत जाते, आणि लेन्स बॅगेत असली की पक्षी समोर येतोच.

बहुतेक जण फक्त किती एमएम, म्हणजे लांबचं किती जवळ दिसतं, ते बघतात. आपल्याकडं मात्र दोन जागांचा प्रश्नच वेगवेगळा आहे. हिडकल, धुपदाळला उजेड भरपूर पण पक्षी लांब. घटप्रभेच्या त्या अभयारण्यात थंडीत कांड्या करकोचे येतात, ते पाण्याच्या मधल्या चिखलात नाहीतर पलीकडच्या काठाला उतरतात आणि माणूस थोडा जरी पुढं सरकला तरी सगळा थवा मान वर करून बघाय लागतो. तिथं ६०० लागतंच. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, १.६ चा क्रॉप, म्हणजे ६०० ला जवळपास ९६० सारखी चौकट मिळते, आणि उन्हात एफ ८ (एफ चा आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड कमी आत येतो) ठेवून १/२००० सेकंदाच्या शटरला उडता पक्षीसुद्धा धारदार येतो. फक्त सकाळी लवकर पोचा. ऊन तापलं की पाण्यावरची हवा हलाय लागते आणि मग दहा लाखाची लेन्स लावली तरी पिसं पुसल्यासारखीच येणार, तो दोष लेन्सचा नव्हे.

खानापूरच्या जंगलात उलटं. पक्षी जवळ असतोय पण उजेडच नाही. नागरगाळी, भीमगडच्या बाजूच्या झाडीत सकाळी नऊला पण संध्याकाळसारखं वाटतं, आणि या झूमच्या ६०० च्या टोकाला मिळणाऱ्या एफ ६.३ ला एफ ४ च्या निम्म्याहूनही कमी प्रकाश आत येतो हे तिथं लगेच कळतं. एफ ४ वाल्या मोठ्या प्राइम आपल्या बजेटच्या कितीतरी पलीकडं, त्यामुळं तो विचार सोडा. इथंच तुमच्या ४०० प्राइमचा मुद्दा येतो. कॅनॉनची जुनी ४०० एफ ५.६ वजनाला हलकी, उडत्या पक्ष्याला फोकस झटकन धरते, उघड्यावरच्या घारी-गरुडांसाठी मला ती आजही आवडते. पण तिला या झूमसारखं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सांभाळायची सोय, नाही, आणि क्रॉप धरला तर हातात धरून १/६०० च्या खाली जायची सोय राहत नाही. जंगलात तेवढा शटर मिळतच नाही. त्यात ती साडेतीन मीटरच्या आत फोकसही होत नाही.

मलबार ट्रोगनचंच घ्या. नराचं पोट लालभडक, पण तो आपल्याकडं पाठ करून बसतोय, अगदी ढिम्म, फक्त मान तेवढी हळूच फिरवतोय. असा बसलेला असताना स्टॅबिलायझेशन चालू ठेवून, झाडाला खांदा टेकून, १/१०० ला, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० वर फोटो निघतो, आणि त्यानं मान फिरवून थांबवली की त्याच क्षणी तीन-चार फ्रेम ओढायच्या. स्टॅबिलायझेशन फक्त आपला हात सांभाळतं, पक्षी हलला तर त्याचा उपयोग नाही, म्हणून बुलबुल, माशीमार अशा चुळबुळ्या पक्ष्यांना १/५०० तरी पाहिजे, मग आयएसओ ३२०० गेला तरी जाऊ दे. आयएसओ वाढवल्यानं फोटोत येणारे दाणे चालतात, हललेला डोळा चालत नाही.

लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावून एमएम वाढवणाऱ्या एक्स्टेंडरच्या नादी लागू नका. १.४ वाला लावला की एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड जातो आणि १५००डी चा ऑटोफोकस एफ ५.६ पर्यंतच्या हिशोबानं केलेला, नुसत्या झूमच्या ६.३ ला तो निभावून नेतो, पण त्यावर एक्स्टेंडर लावला तर फोकसच नीट धरणार नाही.

आणि ५५-२५० विकू नका हो. गणेशगुडीला पक्ष्यांसाठी पाणी ठेवलंय तिथं पक्षी इतके जवळ येतात की ६०० मध्ये नुसतं डोकंच बसतंय. रोजची प्रॅक्टिस टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडांत याच ५५-२५० नं करा, मधला एकच फोकस पॉइंट ठेवून, कारण १५००डी च्या नऊ पॉइंटांत तोच सगळ्यात भरवशाचा आहे.

लांब लेन्स घ्यायचं अजून एक कारण आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवते, तिला आणि पिल्लांना नर बाहेरून फळं आणून भरवतो. उन्हाळ्यात अशा ढोलीसमोर कॅमेरे घेऊन माणसं उभी राहिली की नर लांबच्याच फांदीवर बसून राहतो, आणि आत सगळी उपाशी. ६०० हातात असताना पण तिथं जाऊ नका, फळाला आलेल्या उंबर-वडाखाली लांब बसा, धनेश तिथं येतातच. पक्ष्याचा आवाज मोबाईलवर वाजवून बोलवू नका, आणि भीमगड अभयारण्याच्या आत जायचं तर आधी वनखात्याची परवानगी काढा.

वापरलेली लेन्स घेताना मोबाईलचा टॉर्च मागून मारून पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर कितीही स्वस्त असू दे, सोडून द्या, ती बुरशी आहे, आणि कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात ती वाढतच जाणार. आपल्या कॅमेऱ्यावर लावून ६०० ला, पूर्ण उघड्या अॅपर्चरवर (एफ चा आकडा सगळ्यात लहान ठेवून) लांबच्या पाटीचा फोटो काढून झूम करून बघा, अक्षरं एका बाजूला पुसट असतील तर काच सरकलेली आहे. घेतल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा ह्युमिडिटी मीटर टाकून ठेवा, ४० ते ५० च्या मध्ये काटा राहिला की बास.