वाचकांचे प्रश्न : तरणतलावाला पंप किती अश्वशक्तीचा?

प्रश्न : कनाडिया रस्त्यावरील आमच्या नव्या घराच्या आवारात 8 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद असा छोटा तरणतलाव बांधून होत आला आहे. त्याची खोली एका टोकाला 1 मीटर, तर दुसऱ्या टोकाला 1.6 मीटर आहे. ठेकेदारांच्या मते 1 अश्वशक्तीचा पंप पुरेल. दुकानदार मात्र पंपाची खोली तलावापासून 12 मीटर लांब असल्यामुळे 2 अश्वशक्तीखाली जाऊच नका, असे बजावतात. शेतातल्या विहिरीवरची 2 अश्वशक्तीची मोनोब्लॉक मोटर घरात पडून आहे, तीच बसवावी, असा सासऱ्यांचा आग्रह आहे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : तिघांनीही अश्वशक्तीपासून सुरुवात केली आहे आणि घोटाळा तिथेच होतो. आधी पाणी मोजावे. आपल्या तलावाची सरासरी खोली 1.3 मीटर धरली, तर त्यात 41.6 घनमीटर, म्हणजे सुमारे 41,600 लिटर पाणी मावेल. घरगुती तलावातले सगळे पाणी 6 ते 8 तासांत एकदा फिल्टरमधून फिरावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. इंदूरचा मे महिना आणि सुटीत जमणारी मुले लक्षात घेता 6 तासांचा हिशेब धरावा, म्हणजे पंपाने ताशी 7 घनमीटर पाणी दिले पाहिजे.

आता हे पाणी किती जोराने ढकलायचे, हा प्रश्न उरतो. आपल्याकडे मोटर म्हटली की बोरिंगची खोली आठवते, आणि दुकानदारांचा सल्लाही बहुधा त्याच सवयीतून आलेला असावा. जलूदहून नर्मदेचे पाणी विंध्याची चढण चढवून इंदूरला आणावे लागते, तिथे प्रत्येक लिटरमागे उंचीची किंमत मोजावीच लागते. तलावाचे पाणी मात्र तलावातून निघून तलावातच परत येते, त्यामुळे पंप जमिनीच्या पातळीवर असेल, तर चढण अशी जवळजवळ नसतेच. पंपाला झगडावे लागते ते पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह आणि फिल्टरमधल्या वाळूच्या अडथळ्याशी. 63 मिलिमीटरचा पाइप घातला, तर जाऊन-येऊन 24 मीटरच्या अंतरात, एल्बो धरूनही, जेमतेम 1 मीटर हेड, म्हणजे पाणी 1 मीटर उंच चढवायला लागेल एवढा जोर, खर्ची पडतो. म्हणजे ज्या 12 मीटरांची भीती घातली गेली, त्यांचा वाटा सर्वांत लहान आहे. स्वच्छ फिल्टर 2-3 मीटर खातो आणि बॅकवॉशची, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुण्याची, वेळ येईपर्यंत साचलेल्या गाळामुळे त्यात आणखी 5 मीटरची भर पडते. व्हॉल्व्ह वगैरे धरून एकूण हेड 10 मीटरच्या आसपास येते.

10 मीटर हेडला ताशी 7 घनमीटर पाणी देण्यासाठी, पंपात वाया जाणारी शक्ती धरूनही, सुमारे अर्धा किलोवॉट लागतो. पाऊण अश्वशक्तीचा चांगला पंप हे काम करतो, 1 अश्वशक्तीचा निवांतपणे करतो. तेव्हा ठेकेदारांचे म्हणणे योग्य आहे. तरीही पंप घेताना त्याचा कर्व, म्हणजे कोणत्या हेडला किती पाणी मिळते हे दाखवणारा आलेख, मागून घ्यावा. कारण पाटीवर 1 अश्वशक्ती लिहिलेले दोन पंप एकाच हेडला बरेच वेगवेगळे पाणी देऊ शकतात.

मोठ्या पंपाने बिघडते काय? आपल्या तलावाला 500 मिलिमीटर व्यासाचा सँड फिल्टर शोभतो. ताशी 7 घनमीटर पाणी त्यातून योग्य वेगाने जाते. 2 अश्वशक्तीचा पंप 10 मीटर हेडला त्याच वाळूतून ताशी 20 घनमीटरच्या घरात पाणी रेटू पाहील. मग बारीक गाळ वाळूत न अडकता तलावात परत येतो, पाणी गढूळ राहते आणि घरातली मंडळी क्लोरीनला दोष देत बसतात. फिल्टरच मोठा घेऊ, म्हटले, तरी सुटका नाही. बॅकवॉशच्या वेळी वाळू उचलली जाण्याइतके पाणी लागते आणि फार मोठ्या फिल्टरला ते लहान पंपाकडून मिळत नाही. फिल्टर आणि पंप ही जोडी एकत्रच ठरवावी. खर्चाला हात सैल सोडायचाच असेल, तर तो पाइपच्या व्यासावर सोडावा, किंवा वेग बदलता येणारा पंप घ्यावा. वेग निम्मा केला की पाणी निम्मे मिळते, पण पंपाला लागणारी शक्ती साधारण आठव्या हिश्शावर येते.

मुलांच्या दृष्टीने एक गोष्ट आताच, बांधकाम चालू असताना, पाहून घ्यावी. तळातले पाणी ओढणारी तोंडे एकमेकांपासून दूर अशी दोन हवीत आणि त्यांवर केस किंवा अंग अडकणार नाही अशी फुगीर जाळी हवी. पंप जितका मोठा, तितकी ही ओढ जीवघेणी ठरू शकते.

राहिली विहिरीवरची मोटर. तिला केस आणि पाने अडवणारी टोपली नसते, आणि तिच्या बिडाच्या अंगाला क्लोरीनच्या पाण्याने गंज चढून त्याचे तपकिरी डाग नव्या टाइल्सवर उमटू लागतात. सासऱ्यांचा मान राखून ती बागेला पाणी देण्यासाठी बसवावी.