गुरगुरणारा गळा, गाणारी गिटार

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. तीन आठवडे झाले, त्याच्या खोलीतून एकच रेकॉर्ड ऐकू येतेय. बँडचं नाव पॅराडाइज लॉस्ट, रेकॉर्डचं नाव 'गॉथिक'. एक माणूस घशातून गुरगुरतो आणि मधेच एक बाई चर्चमध्ये गावं तशी गाऊन जाते. मुलगा हसतो-बोलतो, वेळेवर जेवतो, त्यामुळे तक्रार अशी काही नाही. पण त्याला यात आवडतं काय? विचारलं की म्हणतो, 'आई, तुला नाही कळायचं.' – एक आई

उत्तर : कळेल की! न कळायला काय झालं? मलाही पहिल्यांदा काडीचं कळलं नव्हतं, हे आधी कबूल करते.

हॉस्टेलवर असताना कुणाकडून तरी फिरत फिरत एक कॉपी केलेली कॅसेट माझ्या हाती आली. लेबलवर बॉलपेनानं फक्त 'गॉथिक' लिहिलेलं. मला वाटलं, उंच कमानी, रंगीत काचा, ऑर्गन. रात्री लावली. मिनिटभर ऐकून माझी रूममेट पांघरुणातूनच म्हणाली, "अगं, सेल उतरलेत." मलाही ते पटलं. सेल संपत आले की टेपरेकॉर्डरमधला भला माणूससुद्धा असाच खोल, लांबट, खरखरीत बोलायला लागतो. मी उठून चारही सेल बदलले. आवाज तस्साच! तेव्हा लक्षात आलं, बाबा मुद्दामच असं गातोय.

हा बाबा म्हणजे निक होम्स. रेकॉर्ड १९९१ च्या मार्चमध्ये आली तेव्हा तो २० वर्षांचा होता, म्हणजे तुमच्या मुलाच्या बरोबरीचाच. त्या गुरगुरण्यात स्वरतंतूंच्या वरच्या बाजूला असलेल्या दुसऱ्या घड्याही थरथरवतात. त्यामागे श्वासाचा चांगलाच रियाज लागतो. चुकीच्या पद्धतीनं केलं तर घसा बसतो, हे मी स्वानुभवानं सांगते. पण त्या आवाजातून सूर असा धरता येत नाही आणि शब्दही कळत नाहीत. मग गाण्याची चाल कुठे गेली?

ती गेली गिटारकडे. आज मुलाच्या दाराशी उभ्या राहिलात तर गळ्याकडे साफ दुर्लक्ष करा आणि वरची गिटार ऐका. खाली एरन एडी जाड, जड सुरांची फरशी घालत असतो. तिच्यावरून ग्रेगर मॅकिन्टॉश एकेका तारेवर बारीक, दुखरी चाल ओढत नेतो. तार दाबून बाजूला ताणायची आणि एका सुरावरून दुसऱ्यावर सावकाश जायचं. आपण जिला मींड म्हणतो, तिच्या फार जवळचं हे काम. शब्द सांगायचं काम माणसाकडे असतं आणि तो गुरगुरतो. रडायचं काम तारांच्या यंत्राकडे असतं आणि ते गातं. करुण आणि भयानक हे दोन रस एकाच वेळी, एकमेकांना न विचारता चाललेले असतात. भयानकातून बाहेर आलात की करुण सापडतो, असं इथे नाही. दोन्ही एकदम झेलायचे. तुमच्या मुलाला आवडतं ते हेच असणार, माझी पैज.

आणि ती बाई? तिचं नाव सारा मॅरियन. शीर्षकगीतात ती ऐकू येते. ती थोडं गाते आणि निघून जाते. पुढे असंख्य बँडनी बाईचा आवाज गाण्याच्या मध्यभागी आणला, पण इथे ती पाहुणीसारखी आहे, बसायलाही तयार नाही. मला तेच बरं वाटतं. सतत असती तर तिची सवय झाली असती.

प्रश्न : ताई, मित्राशी पैज लागलीय. गॉथिक मेटलची पहिली रेकॉर्ड हीच ना? – अभियांत्रिकी, तिसरं वर्ष

उत्तर : किती रुपयांची आहे त्यावर उत्तर अवलंबून आहे.

मेटल म्हणजे जड, कर्कश गिटारींचं रॉक. त्यातल्या या उदास घराण्याला नाव या रेकॉर्डनं दिलं, यात शंका नाही. शीर्षकातला शब्दच पुढे सगळ्या घराण्याचं आडनाव झाला. पण सामान आधीपासून पडलेलं होतं. स्वित्झर्लंडच्या सेल्टिक फ्रॉस्टनं १९८५ आणि १९८७ मध्येच मेटलमध्ये बायकांचे आवाज आणि ऑर्केस्ट्राची वाद्यं आणून पाहिली होती. स्वीडनचे कँडलमास संथ, शोकगंभीर मेटल वाजवत होते. आणि पॅराडाइज लॉस्ट ज्या हॅलिफॅक्सचे, त्या इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशरमध्येच, जवळच्या लीड्समध्ये सिस्टर्स ऑफ मर्सी नावाचं प्रकरण १९८० पासून चालू होतं. काळे कपडे, खर्जातला गायक आणि ढोलकऱ्याच्या जागी चक्क एक मशीन. त्या मशीनला त्यांनी 'डॉक्टर अ‍ॅव्हलांच' असं नावही दिलं होतं! ते मेटल नव्हते. पण शेजारच्या गावातली पोरं काय ऐकत मोठी झाली असतील, ते बघ.

१९८८ मध्ये सुरू झालेल्या पॅराडाइज लॉस्टची १९९० ची पहिली रेकॉर्ड 'लॉस्ट पॅराडाइज' अजून सरळ डेथ मेटलकडे, म्हणजे गुरगुरत्या, दणदणीत मेटलकडे झुकलेली आहे. तिच्यात आणि 'गॉथिक'मध्ये जेमतेम वर्षाचं अंतर, पण ऐकताना पोरं एकदम वयात आल्यासारखी वाटतात. त्यामुळे माझा निकाल असा : घराण्याची पहिली रेकॉर्ड हीच, पण आजोबा-पणजोबा बरेच. पैज अर्धी अर्धी वाटून घ्या.

हॅलिफॅक्सबद्दल एक. तिथल्या दगडी इमारती गिरण्यांच्या धुरानं काळ्या पडलेल्या होत्या, आणि तिथली गालिच्यांची अवाढव्य गिरणी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. या उदास संगीताचं कारण म्हणून लोक हे हमखास सांगतात. मला ते फार सोयीचं वाटतं. गिरण्या बंद पडलेली गावं पैशाला पासरी होती. त्या प्रत्येकातून काही मॅकिन्टॉश निघाला नाही.

प्रश्न : मी चांगले हेडफोन घेतले, तरी 'गॉथिक'चा आवाज डबक्यात बसून वाजवल्यासारखा येतो. माझी फाइल खराब आहे का? – एक त्रस्त कान

उत्तर : फाइलला बोल लावू नका. रेकॉर्डच तशी आहे.

ती ड्यूजबरीच्या अ‍ॅकॅडमी स्टुडिओत झाली. कीथ अ‍ॅपलटन आणि बँडनं मिळून ती ध्वनिमुद्रित केली. ज्या पीसव्हिल कंपनीनं ती काढली, तिचा जन्मही ड्यूजबरीचाच. पुढे ब्रॅडफर्डचे माय डाइंग ब्राइड आणि लिव्हरपूलचे अ‍ॅनाथेमा हे बँडही याच कंपनीकडे आले आणि तिघांना मिळून 'पीसव्हिल थ्री' म्हणायची पद्धत पडली. आता या रेकॉर्डवरचे ड्रम खोक्यावर वाजवल्यासारखे येतात, हे मान्य. गिटारी एकमेकींत मिसळतात, हेही मान्य. मधे मधे ऑर्केस्ट्राचे तुकडे येतात, त्यांचं श्रेय कव्हरवर 'द रॅप्चर्ड सिम्फनी ऑर्केस्ट्रा' असं ऐटीत छापलंय. ते तुकडे गाण्यावर मोठ्या भावाचा कोट घातल्यासारखे दिसतात. बाह्या लांब, खांदे उतरलेले.

पण मला विचाराल तर हा कोट मापाचा करून घेतला असता तर मजा गेली असती. याच बँडची १९९५ ची 'ड्रेकोनियन टाइम्स' लावून बघा. सगळं स्वच्छ, सगळं मापात, गाणी कदाचित जास्त चांगली. मी ती गाडी चालवताना ऐकते. 'गॉथिक' मात्र दुसरं काही करताना मला ऐकता येत नाही. त्यात वाजवणाऱ्यांना जे हवं होतं ते त्यांच्या हाताला अजून पूर्ण येत नव्हतं, आणि ते हात पुढे केलेले ऐकू येतात. चाहते तीस-पस्तीस वर्षं तिच्याकडे परत येतात ते माझ्या मते याचसाठी. तुमच्या हेडफोनचे पैसे वसूल करायला दुसरं काहीतरी ऐका.

प्रश्न : अशी रेकॉर्ड केलेल्या माणसांनी १९९९ मध्ये 'होस्ट'सारखी कीबोर्डची पिरपिर काढावी? हा विश्वासघात नाही का? – कट्टर

उत्तर : नाही. मला 'होस्ट' आवडते. पत्र पाठवून शिव्या द्यायच्या तर सुवाच्य अक्षरात द्या. आणि २०१५ च्या 'द प्लेग विदिन'वर होम्स पुन्हा गुरगुरला आहे, तेव्हा आता राग सोडा.

प्रश्न : सुरुवात कोणत्या गाण्यापासून करू? – नवी श्रोती

उत्तर : 'इटर्नल'. चार मिनिटांचंही नाही. त्यातली गिटारची चाल एकदा ऐकलीस तर संध्याकाळी भांडी घासताना गुणगुणशील. तशी साधी आहे. मी ती दोन संध्याकाळींत बसवली होती, सगळे सूर बरोबर, आणि तरी ती माझ्या हातून मेल्यासारखी वाजायची. तार ताणून वरच्या सुरापर्यंत नेताना मी घाई करत होते. मॅकिन्टॉश सुराच्या उंबऱ्यावर किंचित थांबतो, मग आत जातो. ते थांबणं मला आजवर जमलेलं नाही.

'इटर्नल' आवडलं तर पुढे 'रॅप्चर', मग पूर्ण रेकॉर्ड क्रमानं. दहा तुकडे, जेमतेम ४० मिनिटं. शेवटचं 'डेसोलेट' दोन मिनिटांचंही नाही आणि त्यात कुणी गात नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूत ही रेकॉर्ड पूर्ण बसून वर थोडी टेप उरायची. माझ्या कॉपीत त्या उरलेल्या टेपवरचं आधीचं रेकॉर्डिंग पुसलेलंच नव्हतं. कुणाचं तरी लहान पोर पाढे म्हणत होतं. आता रेकॉर्ड फोनवर ऐकते, पण 'डेसोलेट' विरत आलं की माझं मन आपोआप पुढचं म्हणतं, सतरा चोक अडुसष्ट.