आईची मालिका तुझ्याकडे तीनला लागते

«ताई, आम्हाला जर्मनीत, स्टुटगार्टला येऊन सव्वा वर्ष झालं. नवरा सातला ऑफिसला जातो, पाच वर्षांची लेक बालवाडीत. मी सांगलीत बँकेत होते, इथे घरीच असते. सकाळी आवराआवर, दुपारी लेकीला घेऊन आले की आईला व्हिडिओ कॉल. ती तिथे मालिका बघते, मी इथे तीच लावते, फोन चालूच. संध्याकाळी नवरा येतो, जेवतो आणि कानात इअरफोन घालून क्रिकेटच्या हायलाइट्स बघतो. महिन्याभरापूर्वी एका रविवारी दुपारी इडलीचं पीठ वाटलं, तर खालच्या आजींनी दाराला चिठ्ठी लावली. तेव्हापासून मिक्सर कपाटात आहे. लेक घरात धावली तरी मी तिच्यावर ओरडते. सगळे म्हणतात, मजा आहे तुझी. मला मात्र संध्याकाळ झाली की रडू येतं. परत यावं का?»

ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते. तुझं पत्र तीनदा वाचलं. तू कुरकुर करत नाहीयेस आणि कृतघ्नही नाहीस. बँकेत दिवसाला शंभर माणसांशी बोलणारी बाई सव्वा वर्ष चार भिंतींत राहिली, तर तिला रडू येणारच.

तुझा दिवस मी कागदावर मांडून पाहिला. एका बाजूला सांगलीचं घड्याळ, दुसऱ्या बाजूला तुझं. हिवाळ्यात तू साडेचार तास मागे. आईची साडेसातची मालिका तुझ्याकडे तीनला लागते, आणि डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे दिवसातला शेवटचा उजेड तू आणि लेक रोज पडद्यासमोर घालवता. नवरा सहाला दारात येतो तेव्हा सांगलीत साडेदहा वाजलेले, आई झोपलेली. तुझा दिवस मनातून केव्हाच संपलेला असतो, आणि तुझ्या घरातली संध्याकाळ तर तेव्हा कुठे सुरू होते. तुला रडू येतं ते नेमकं याच वेळी.

म्हणून आधी फोनची वेळ बदल. सकाळी नऊला लाव, आईकडे दीड वाजलेला असेल, जेवण उरकून ती निवांत असेल. मालिका अ‍ॅपवर रात्री लेक झोपल्यावर बघ आणि दुसऱ्या दिवशी आईशी पोटभर बोल. आईला कारण सांग, नाहीतर तिला वाटेल लेक दुरावली. दुपारी मात्र बालवाडीतून थेट खेळाच्या मैदानावर जा. पाऊस असला तरी जा. तिथली मुलं पावसाळी पँट आणि गमबूट घालून चिखलात खेळतात, हे तू पाहिलंच असशील. लेकीलाही तसे घेऊन दे. बाकावर ज्या आया रोज दिसतील, त्यांच्यातूनच तुझी पहिली मैत्रीण मिळेल.

आता ती चिठ्ठी. ती तुला भारतीय म्हणून लिहिलेली नाही, असंच मला वाटतं. रविवारची शांतता तिथे 1919 च्या राज्यघटनेतच लिहिली गेली, आणि ते कलम 1949 च्या घटनेतही कायम राहिलं. दुकानं बंद असतात ती त्यामुळेच. बऱ्याच इमारतींच्या नियमांत दुपारी एक ते तीन शांतता असते. आपल्याकडे रविवारी घर गजबजलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं, त्यांच्याकडे नेमकं उलट. पण म्हणून पाच वर्षांच्या पोरीने चवड्यांवर चालायचं नसतं. मुलं धावणारच, तिला ओरडू नकोस.

त्या आजींकडे जायला तुला एक सबबही आहे. तुमच्या भागात जिना झाडायची पाळी असते, केअरवोखं. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी लटकते. तुझी पाळी आली की जिना स्वच्छ पूस, आजींच्या दारासमोर जरा जास्तच, मग बेल वाजव. सोबत लेक आणि डब्यात चार नारळाच्या वड्या. जर्मन येत नसेल तर एकच वाक्य पाठ करून जा, मिक्सर कोणत्या वेळी चाललेला बरा, एवढंच विचारायचं.

मी लग्नानंतर चार वर्षं हायडेलबर्गला होते. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पहिल्यांदा घरी बोलावलं ते एक खेळ खेळायला. नाव ‘मेन्श एर्गेरे दिश निश्ट’, म्हणजे ‘अरे माणसा, चिडू नकोस’. 1914 पासून तो तिथे घरोघरी आहे. पट उघडला आणि मी बघतच राहिले. चार हात, चार रंग, मध्ये घर. आपल्या पचिसीचाच वंशज! त्यांची एक लाल सोंगटी हरवली होती, त्या जागी कोटाचं लाल बटण होतं. माझं बटण त्यांनी मारलं, मी मराठीत चिडले आणि त्यांना सगळं कळलं. आकडे मी त्या पटावरच शिकले.

तो खेळ घरी आण. तिथल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत बैठे खेळही घरी न्यायला मिळतात, लेकीचं कार्ड काढ. जेवणं झाली की तिघांनी अर्धा तास बसायचं, तिन्ही फोन खणात. नवऱ्याला आधी हे पत्र दाखव. तोही थकून येतो, इअरफोनमागे तोही एकटाच असेल. पण तुला रडू येतं, हे त्याला माहीतच नाही असं मला तुझ्या पत्रातून जाणवलं. फोल्कसहोखशूल, म्हणजे तिथल्या लोकशाळेत, जर्मनचे वर्ग असतात. सकाळच्या वर्गाला नाव घाल. बँकेतली नोकरी पुढे कधी मिळेल ती त्या भाषेतूनच मिळेल.

परत यावं का, हे आज ठरवू नकोस. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, संध्याकाळी लख्ख उजेड असतो. तोवर हे करून बघ, मग मला लिही. मात्र झोप उडाली असेल, अन्नावरची वासना गेली असेल, तर मार्चची वाट बघू नकोस, याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेट.

आणि मिक्सर कपाटातून काढून ओट्यावर ठेव. इडलीचं पीठ शनिवारी सकाळी वाट.