ताप उतरला, पण झोप परतली नाही

कोविडनंतर मनाला होणाऱ्या त्रासाबद्दल इंदूरच्या वाचकांकडून आलेल्या चार प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : वडिलांचं वय अडुसष्ट. मे २०२१ मध्ये ते आयसीयूत होते. अजूनही रात्री दचकून उठतात, कुकरची शिट्टी झाली की छातीवर हात धरून बसतात. "झालं गेलं, विसरा आता" असं आम्ही सांगतो, तर चिडतात. (रामबाग)

उत्तर : आधी "विसरा" म्हणणं थांबवा. विसरणं त्यांच्या हातात असतं तर ते केव्हाच विसरले असते. श्वास पुरत नाही, औषधांची गुंगी आहे, भोवती पीपीईतली बिनचेहऱ्याची माणसं आणि शेजारचा पलंग सकाळी रिकामा, अशा अवस्थेत ऐकलेला मॉनिटरचा आवाज मेंदूत धोक्याची खूण म्हणून बसतो. शिट्टी तीच खूण जागी करते. याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा ताणाचा विकार म्हणतात. माझ्याकडे आलेल्या एका आजोबांना शेजारच्या पलंगाखाली तशाच राहिलेल्या चपला दिसत राहायच्या. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वडिलांना बोलायला भाग पाडू नका, पण बोलू लागले तर मधे तोडू नका. इतकी वर्षं गेली तरी उपचारांचा उपयोग होतो. आघातावर काम करणारी थेरपी असते, लागली तर औषधंही असतात. बाणगंगेचं मानसिक रुग्णालय असो की एमवायची (महाराजा यशवंतराव रुग्णालयाची) ओपीडी, तिथे जाण्यात लाजण्यासारखं काही नाही.

ते एकटे नाहीत, हेही त्यांना सांगा. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ साली कोविड झालेल्या २ लाख ३६ हजारांहून अधिक जणांच्या नोंदी तपासल्या. त्या बहुतेक अमेरिकेतल्या होत्या. सहा महिन्यांत सुमारे ३४ टक्के लोकांमध्ये मेंदूचा किंवा मनाचा एखादा विकार नोंदला गेला, आयसीयूत राहिलेल्यांमध्ये ४६ टक्के. काहींना तो आधीपासूनच होता, तरी हा आकडा लहान नाही.

प्रश्न : मी बँकेत आहे, वय ४६. कोविड घरीच बरा झाला. आता एकच व्हाउचर तीनदा तपासते, रोजच्या ग्राहकाचं नाव आठवत नाही. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) तर नाही ना? (टिळकनगर)

उत्तर : या वयात तशी शक्यता फारच कमी. हा ब्रेन फॉग असावा, म्हणजे डोक्यात धुकं साचल्यासारखं होऊन लक्ष आणि आठवण मंदावणं. तो सौम्य कोविडनंतरही होतो. ऑक्सफर्डच्या त्याच संशोधकांना २०२२ साली असं दिसलं की चिंता आणि नैराश्याचा वाढलेला धोका एक-दोन महिन्यांत ओसरतो, ब्रेन फॉगचा मात्र दोन वर्षांनंतरही टिकतो. तेव्हा तुम्ही आळशी झालेला नाहीत. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नेहमीचंच. अवघड काम सकाळी उरका, मधे थांबा, आणि बरं वाटलं त्या दिवशी साचलेलं सगळं एकदम उपसू नका. दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागतं ते त्यामुळेच.

प्रश्न : नैराश्याच्या आणि झोपेच्या गोळ्यांची सवय लागते का?

उत्तर : नैराश्याच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बंद करायच्या तर डॉक्टरांना विचारून हळूहळू. अल्प्राझोलामसारख्या, चिंता कमी व्हावी किंवा झोप यावी म्हणून घेतात त्या गोळ्यांची सवय मात्र लागते. त्या मनाने आणून घेऊ नका.

प्रश्न : वास गेला तो पुरता परतलाच नाही. पोह्यांवर जिरावण मसाला घातला तरी माती खाल्ल्यासारखं वाटतं. आता कशातच राम वाटत नाही. (स्नेहलतागंज)

उत्तर : वास गेला की माणूस घरापासून तुटतो. फोडणी, पाऊस, बाळाचं डोकं, सगळं मुकं होतं. मन उतरणारच, आणि लोक "एवढंच ना" म्हणतात तेव्हा आणखी उतरतं. वास परतायला मदत म्हणून गुलाब, लवंग, लिंबू आणि निलगिरी यांचा रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी वीस सेकंद शांतपणे वास घ्या, निदान तीन महिने. आणि "राम नाही" म्हणताना जगणंच नको असं मनात येत असेल, तर ते आजच घरात कुणाला तरी सांगा आणि १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.